एका ‘नाही’ला पंधरा वर्षे लागली
(गिरणीकामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला एका दूरच्या मुलुखाची हकिगत सांगणार आहोत. मुलूख दूरचा खरा, पण माणसे तुम्हाला परकी वाटणार नाहीत. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला धोतराच्या काठासारखा लांबच लांब, अरुंद असा चिली नावाचा देश आहे. तांब्याच्या खाणी हे त्याचे मोठे धन. पण राजधानी सांतियागो शहरात कापडाच्या गिरण्याही होत्या. तिथल्या यारूर गिरणीच्या कामगारांनी 1971 च्या एप्रिलात गिरणी ताब्यात घेतली आणि ती राष्ट्राच्या मालकीची करायला सरकारला भाग पाडले. सरकार होते समाजवादी अध्यक्ष आयेंदे यांचे.

11 सप्टेंबर 1973 रोजी लष्कराने बंड केले. अध्यक्षांच्या वाड्यावर विमानांतून बाँब पडले, आयेंदे तिथेच मेले आणि जनरल पिनोशे देशाचा धनी झाला. पार्लमेंट बंद, युनियनच्या निवडणुका बंद, मतदारांच्या याद्या जाळून टाकलेल्या. पुढच्या साडेसोळा वर्षांत 3,000 हून अधिक माणसे ठार झाली किंवा नाहीशी केली गेली. गिरण्या पुन्हा खासगी मालकांच्या घशात गेल्या.

तुम्ही विचाराल, एवढे होईतो बाकीचे पक्ष काय करत होते? खरे सांगायचे तर भांडत होते. ख्रिश्चन डेमोक्रॅट नावाचा मोठा पक्ष होता, त्यात कामगारही पुष्कळ. पण आयेंदेच्या समाजवादी-कम्युनिस्ट आघाडीशी त्याचे इतके बिनसले होते की पक्षाचे अध्यक्ष पात्रिसिओ आयल्विन यांनी बंडाचे समर्थन केले. लष्कर येईल, घर झाडून देईल आणि किल्ली आपल्या हातात ठेवून जाईल, असा हिशेब. पक्षातल्या तेरा जणांनी मात्र दोनच दिवसांत बंडाचा निषेध करून त्यावर सह्या केल्या. त्यांचे पुढारी बर्नार्दो लेइटन यांच्यावर 1975 मध्ये पार रोम शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. ते आणि त्यांची पत्नी कसेबसे वाचले. आणि किल्ली? ती जनरलसाहेबांनी स्वतःच्याच खिशात टाकली. 1977 मध्ये या पक्षावरही बंदी आली.

पुढाऱ्यांना हे उमगायला वर्षे लागली. कामगाराला पहिल्याच आठवड्यात कळले. सुमार नावाच्या कापडगिरणीत मानुएल बुस्तोस हा युनियनचा पुढारी होता. पक्षाने ख्रिश्चन डेमोक्रॅट, म्हणजे आयेंदेच्या विरोधातला. पण धरपकड झाली तेव्हा त्याला कोणी पक्ष विचारला नाही. युनियनचा माणूस ना, मग चल आत! कोठडीत डावीकडे समाजवादी, उजवीकडे कम्युनिस्ट आणि मधे हा. एकजुटीचा पहिला वर्ग असा सरकारनेच भरवला, असे आम्ही म्हणतो.

1979 मध्ये पिनोशेने नवा कामगार कायदा आणला. त्याची एकच तरतूद ऐका. संप साठ दिवसांहून पुढे गेला तर संपवाल्यांनी नोकरीचा राजीनामा दिला असे समजायचे! वाटाघाटी ज्या त्या कारखान्यापुरत्या. सगळ्या गिरण्यांनी मिळून एक मागणी करायची नाही. तुमच्यापैकी ज्यांनी साचे चालवले आहेत, त्यांना याचा अर्थ आम्ही सांगायला नको. एका खात्याचा संप मोडायला शेजारचे खाते चालू असले की पुरते.

म्हणून युनियन जोडू पाहणारा माणूस पिनोशेला सगळ्यात धोक्याचा वाटला. तुकापेल हिमेनेस हे सरकारी नोकरांचे पुढारी. तेही आयेंदेचे विरोधक होते. नोकरी गेल्यावर टॅक्सी चालवून पोट भरत आणि रंग न पाहता सगळ्या युनियनना एका छत्राखाली आणायची खटपट करत. 25 फेब्रुवारी 1982 ला त्यांच्याच टॅक्सीत त्यांचा खून झाला. लष्कराच्या हेरखात्याच्या अधिकाऱ्यांना कोर्टाने त्यासाठी दोषी ठरवले, पण ते 2002 साली. तो फेब्रुवारी आपल्याकडे अनेकांना वेगळ्या कारणाने आठवत असेल. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू होऊन महिना लोटला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिली सरकारने बुस्तोसला देशाबाहेर काढले आणि त्याच्याबरोबर बांधकाम कामगारांचा पुढारी एक्तोर क्वेवास यालाही. क्वेवास कम्युनिस्ट. दोघांना शिक्षा एकच.

1983 मध्ये बेकारी इतकी वाढली, की तुटपुंज्या सरकारी रोजगारावर राबणारे धरले तर शंभरातले जवळजवळ तीस हात रिकामे होते. तांब्याच्या खाणकामगारांनी संपाचा विचार केला. लष्कर खाणींना वेढा घालून बसले. तेव्हा त्यांनी शहाणपणाने डाव बदलला. 11 मे रोजी मुलांना शाळेत धाडू नका, खरेदी करू नका आणि रात्री आठला घराघरांतून भांडी बडवा, एवढेच सांगितले. भांडी अशी वाजली की सारे सांतियागो दणाणले. गंमत बघा, 1971 मध्ये सुखवस्तू घरांतल्या बायकांनी हीच भांडी आयेंदेच्या विरुद्ध वाजवली होती. आता झोपडपट्टीतले पातेले आणि बंगल्यातले पातेले एकाच तालावर!

पण पक्षांचे डोके ठिकाणावर आले काय? नाही. त्याच वर्षी विरोधकांच्या दोन आघाड्या झाल्या. एक म्हणे वाटाघाटी करू, दुसरी म्हणे हत्यारही उचलू. 1986 मध्ये पिनोशेवर हल्ला झाला, तो वाचला, आणि दडपशाहीला नवे निमित्त मिळाले. एक ना धड, भाराभर चिंध्या. चिंध्यांचा तागा होत नाही, हे तुम्हाला कोणी शिकवावे?

शेवटी गाठ पडली ती एका साध्या प्रश्नाने. पिनोशेच्या स्वतःच्याच घटनेप्रमाणे 1988 मध्ये लोकांना विचारायचे होते : जनरलसाहेब आणखी आठ वर्षे हवेत, होय की नाही? 2 फेब्रुवारी 1988 ला डझनाहून अधिक पक्ष ‘नाही’साठी एकत्र आले. कारखाने कोणाचे, धर्म कोणता, आयेंदेचे चुकले की आयल्विनचे, यातले काहीही मिटलेले नव्हते. ते मिटेपर्यंत थांबले असते तर आजही बसून राहिले असते. त्यांनी एकाच शब्दावर सही केली. कम्युनिस्ट आघाडीबाहेर राहिले. ही सगळी फसवणूक आहे, असे ते म्हणत, आणि त्यांची शंका वेड्याची नव्हती. 1980 चा कौल मतदारयादीशिवायच उरकला होता. पण जूनमध्ये त्यांनीही ‘नाही’ला मत द्या असे जाहीर केले.

नुसत्या सहीने भागले नाही. नव्या यादीत 70 लाखांहून अधिक नावे चढली. मतपेटीजवळ आपला माणूस बसवायचा तर रीतसर नोंदलेला पक्ष हवा, म्हणून त्याच कामासाठी एक पक्ष काढला गेला. टेबलाटेबलावरचे आकडे स्वतः मोजून कळवण्याची यंत्रणा उभी राहिली. टेलिव्हिजनवर सरकारने दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मिनिटे दिली, तीही रात्री अकराच्या सुमारास, लोक झोपल्यावर. लोक जागे राहिले. त्यांच्या निशाणीवर इंद्रधनुष्य होते. ऑगस्टमध्ये युनियनांचे नवे मध्यवर्ती मंडळ झाले. त्यात ख्रिश्चन डेमोक्रॅट, समाजवादी, कम्युनिस्ट सगळे होते आणि अध्यक्ष झाला मायदेशी परतलेला मानुएल बुस्तोस.

5 ऑक्टोबरच्या रात्री सरकार निकाल दाबून बसले. पण विरोधकांजवळ आपली मोजणी होती. मध्यरात्रीनंतर हवाई दलाचा प्रमुख जनरल मात्तेई वाड्यात शिरता शिरता पत्रकारांना सांगून गेला की ‘नाही’ जिंकले. सुमारे 56 टक्के ‘नाही’, 44 टक्के ‘होय’. ते 44 आम्ही मुद्दाम सांगतो. भीतीपोटी असोत की खुशीने, इतके लोक पंधरा वर्षांनंतरही त्याच्या बाजूला होते. विरोधकांचे दोन तुकडे झाले असते तर काय झाले असते, हा हिशेब तुम्हीच करा.

डिसेंबर 1989 मध्ये अध्यक्ष निवडून आले ते आयल्विन! एके काळी बंडाची पाठराखण करणारे. समाजवाद्यांनी गिळले कसे, आम्हाला ठाऊक नाही. पण गिळले, आणि मार्च 1990 मध्ये त्यांच्याबरोबर मंत्रिमंडळात बसले. पिनोशेची घटना मात्र राहिली, आणि लष्करप्रमुखपदही त्याच्याकडेच राहिले. ते त्याने सोडले 1998 च्या मार्चमध्ये. त्याच महिन्यात सुमार गिरणीचा मानुएल बुस्तोस लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात जाऊन बसला.