हौदांतील शेवाळ आणि मोरचूद

वैशाख लागला, कीं नागपूरकरांचें चित्त पाण्याकडे धांव घेतें. एके काळीं खेडें असलेलें हुडकेश्वर आतां नागपूर महानगरपालिकेच्या हद्दींत आलें आहे. तेथील एखाद्या बंगल्याच्या अंगणांत मुलांना पोहण्यासाठीं बांधलेला हौद दिसला, तर त्यांत नवल नाहीं. परंतु आठ-दहा दिवसांच्या कडक उन्हानें पाणी हिरवें होतें, भिंती बुळबुळीत लागूं लागतात, आणि संत्र्याची बाग बाळगणारा एखादा सोयरा घरधन्यास सहज सांगून जातो, "अहो, थोडें मोरचूद टाका, कीं झालें!"

हा सल्ला निराधार नव्हे. मोरचूद म्हणजे तांबें व गंधकाम्ल यांचा क्षार. चुन्यासह केलेलें त्याचें बोर्डो मिश्रण विदर्भांतील बागाइतदारांच्या नित्य परिचयाचें आहे. शेवाळावरही तें गुणकारी आहे, असें १९०४ सालीं अमेरिकेच्या कृषिखात्यांतील मूर व केलरमन या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. विरघळलेलें तांबें शेवाळाच्या पेशींत शिरून तिचे जीवनव्यापार बंद पाडतें, आणि त्यास अत्यल्प मात्रा पुरते.

सारें मर्म या 'अत्यल्प' शब्दांत आहे. मोरचुदांत तांब्याचा अंश सुमारें चौथा असतो. हजार लिटर पाण्यास एक ग्रॅम मोरचूद घातलें, तर लिटरमागें पाव मिलिग्रॅम तांबें होतें. पांच मीटर लांब, तीन मीटर रुंद व १.२ मीटर खोल हौदांत १८,००० लिटर पाणी मावतें. त्यास १८ ग्रॅम मोरचूद झालें. घरधनी मात्र अदमासानें पाव किलो ओततो! म्हणजे लिटरमागें जवळ जवळ साडेतीन मिलिग्रॅम तांबें. पिण्याच्या पाण्यास, दुसरा पुरवठा नसतांनाही, भारतीय मानकानें घातलेली कमाल मर्यादा दीड मिलिग्रॅमची आहे. आणि पोहणारें मूल थोडेंबहुत पाणी गिळल्यावांचून राहत नाहीं.

शिवाय तांबें उडून जात नाहीं. क्लोरीन उन्हानें नाश पावतो. पाणी आटतें, त्यावर नवें भरलें जातें. परंतु तांबें मागेंच राहतें. पाणी हिरवें झालें, कीं पुन्हा मोरचूद, असा क्रम चालला, तर त्याचा सांठा वाढतच जातो. पाण्याची आम्लता कमी झाली, कीं तें भिंतींवर निळे-हिरवे किंवा काळसर डाग धरतें. मुलांच्या काळ्या केसांवर कांहीं दिसत नाहीं. आजोबांच्या पांढऱ्या केसांवर मात्र हिरवट झांक चढते, आणि घरांतील मंडळी उगाच क्लोरीनला दोष देतात.

याहून घातक भ्रम निराळाच आहे. शेवाळ मेलें, पाणी निवळलें, म्हणजे तें शुद्ध झालें, असें नव्हे. रोगजंतूंचा बंदोबस्त तांब्यावर सोपवितां येत नाहीं. तें काम क्लोरीनचें.

मग तांबें अधिक झाल्यास करावें काय? प्रथम पोहणें थांबवून पाण्यांतील तांब्याची तपासणी करवावी. त्यानंतर निम्में पाणी काढून तेवढेंच स्वच्छ पाणी भरावें. विरघळलेलें तांबें निम्म्यावर येतें. साडेतीनाचें पावणेदोन, आणि दुसऱ्या खेपेस एकाहून कमी. तांबें उतरण्यापूर्वी एकदम पुष्कळ क्लोरीन ओतल्यास डाग अधिक पडण्याचा संभव असतो. पाणी उकळून तर कांहींच साधत नाहीं. वाफ जाते, तांबें राहतें.

काढलेलें पाणी विहिरीजवळ, नाल्यांत किंवा तळ्यांत सोडूं नये. ज्या मात्रेनें माणसास कांहीं होत नाहीं, तेवढ्यानेंही मासे मरतात. महानगरपालिकेस विचारून तें मलवाहिनींत सोडावें.

पुढें शेवाळ धरूंच नये, यासाठीं भिंती नियमानें घासाव्या, गाळणयंत्र रोज चालवावें, हौदावर सावली करावी, आणि क्लोरीन सायंकाळीं घालून लिटरमागें एक ते तीन मिलिग्रॅम राखावा. एवढें करूनही मोरचूद वापरण्याचा प्रसंग आलाच, तर तें तराजूनें तोलून घ्यावें, प्लास्टिकच्या बादलींत विरघळवावें आणि तारीख व वजन वहींत टिपून ठेवावें. लोखंडी बादली वापरूं नये; तिच्यावर तांब्याचा लेप चढतो आणि बादली झिजते.