वेशीवरचा जागल्या



माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या चौकश्यांच्या कागदांत. आजचा विषयही मला अशाच एका चौकशीने शिकवला.

एका पतपेढीत संगणक सांभाळणाऱ्या आमच्या तरुण सभासदाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. रात्री इंटरनेटची लाइन तुटली. सकाळी पगाराचा दिवस, खिडकीपुढे रांग आणि व्यवहार ठप्प. आरोप असा की, यंत्राने इशारा देऊनही याने दखल घेतली नाही. पोरगा काकुळतीने सांगत होता, "दादा, मला इशारा आलाच नाही!" मी म्हटले, यंत्राची रोजनिशी मागवा.

ती समजून घेण्यात माझे दोन आठवडे गेले. गेटवे म्हणजे वेस. कचेरीतल्या सर्व संगणकांचे बोलणे त्या एका दारातून बाहेर जाते. तेथे पहाऱ्याला एक लहानसा प्रोग्राम बसवितात. पतपेढीत पीएफसेन्स नावाची प्रणाली होती. तीत हे काम 'डीपिंगर' करतो. दर अर्ध्या सेकंदाला तो पलीकडच्या ठरलेल्या पत्त्यावर हाक घालतो, 'आहेस का?', आणि ओ येण्याची वाट पाहतो. ही युक्ती माइक म्यूस या अमेरिकी गृहस्थाने १९८३ साली रचली. पाणबुडी हुडकणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिला 'पिंग' हे नाव पडले. प्रणालीत मूळचा नियम असा, की गेल्या ६० सेकंदांत शंभरांपैकी १० हून अधिक हाका वाया गेल्या तर सावध व्हावे. २० हून अधिक गेल्या, किंवा उत्तराला सरासरी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला, तर लाइन बंद समजावी.

हाक कोणाला घालावी यातही मेख आहे. शेजारच्या खोलीतल्या राउटरलाच विचारीत राहिलात तर तो बिचारा 'आहे, आहे' म्हणत राहील, आणि तार तिकडे गावाबाहेर तुटलेली असेल.

शिवाय दर मिनिटाला 'बंद आहे, बंद आहे' असा घोष लावला तर माणूस फोन उशाखाली दाबून झोपी जातो. म्हणून मागची स्थिती लिहून ठेवायची, आताची तिच्याशी ताडून पाहायची आणि फरक पडला तरच निरोप धाडायचा. लाइन एकसारखी जात-येत असेल तर ती दोन मिनिटे टिकते का, तेही पाहायचे.

आता रोजनिशी. १ वाजून ४० मिनिटांनी पहिली नोंद : लाइन बंद, निरोप धाडीत आहे. साहेबांनी एवढेच वाचले होते. खालच्या ओळीत लिहिले होते, की निरोप पोचला नाही. पोचणार कसा? ईमेल जाणार ती त्याच तुटक्या लाइनीवरून! पूल वाहून गेल्याची खबर घेऊन जासूद त्याच पुलावर निघाला होता.

याला उपाय दोन. एक, निरोपाला निराळी वाट द्यावी. मोबाइलचे सिम बसवून एसएमएस धाडावा. दुसरा मला अधिक पसंत आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनचा हात दांड्यावरून सुटला की ब्रेक लागतो, तो कोणी ओरडावे लागत नाही. तसेच कचेरीतल्या यंत्राने दर पाच मिनिटांनी परगावच्या यंत्राला 'ठीक आहे' असे कळवावे. कळविणे थांबले की परगावचे यंत्र आपल्या लाइनीवरून बोंब ठोकील. येथे गप्प राहणे हाच इशारा.

नोटीस मागे घेतली गेली. परगावचा पहारेकरीही बसला. यंत्राला पैसे चटकन सापडतात, यंत्राचे ऐकणाऱ्या माणसाचे नाव काढले की तिजोरी आखडते. रात्री दोनला फोन कोणाचा वाजावा, जागलेल्याची हजेरी सकाळी किती वाजता लागावी आणि त्या रात्रीचा भत्ता काय, या तीन कलमांवर बैठका अजून चालू आहेत. येत्या मंगळवारी चौथी आहे.