आठ दिवसांचं दळण

गजानन महाराजांच्या प्रकट दिनाची गर्दी ओसरली, दिंड्या आपापल्या गावी परतल्या. पहाटे अजून शाल लागते, पण दुपारी पंख्याच्या बटणाकडे हात जातो. शिवारात पळस फुलला. आणि दर वर्षी याच दिवसांत शेगावात घरोघरी एक कुरकुर सुरू होते : भाकरी जमत नाही. थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना मधूनच तुटते. मग सासू सुनेच्या हाताकडे बघते. मी म्हणते, मायबाई, हाताकडे नका बघू, डब्याकडे बघा. पीठ दळलं कधी?

आपल्याकडे म्हणतात ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ज्वारीचं पीठ तसं पाहुणं आहे. ज्वारी कोठीत असते तोवर ती आपल्या घरी असते. वर्षभर राहिली तरी कोणाला जड होत नाही. चक्कीवरून डब्यात आली की मुक्काम मोजायला लागा. पौषातल्या थंडीत पाहुणा चार दिवस जास्त राहिला तरी खपून जातं. फाल्गुन लागला की त्याचं तोंड वाकडं होतं, आणि तुम्ही म्हणता, सुनेला पाहुणचार जमत नाही!

कारण साधं आहे. दाण्याच्या अंकुरात तेलाचा अंश असतो. दाणा अख्खा असतो तोवर तो झाकलेला राहतो. दळला की त्याला हवा लागते, वरून ऊन तापलं की तो लवकर खवट होतो. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघा. घशाशी कडवट लागलं की समजा, विरी गेलं. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, ती ताणली तरी धरून राहते. ज्वारीत ते नाही. तिची सारी भिस्त आधणाच्या पाण्यावर. कढत पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो, मग तळहाताखाली भाकरी फिरते. जुन्या पिठाला थोडी उकड काढून वेळ मारून नेता येते, पण कडवटपणा कुठं जाणार?

म्हणून सांगते, थंडी सरली की दळण आठ दिवसांचं. महिन्याचं नको. ‘चक्कीवर कोण सारखं जाईल’ हे मला सांगू नका. कचोरीसाठी स्टेशनापर्यंत जाता ना!

विरी गेलेलं पीठ मग ढोरांच्या आंबोणात जातं. हे आपल्या गावाला शोभतं का? 23 फेब्रुवारी 1878, माघ वद्य सप्तमी. महाराज पहिल्यांदा दिसले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, टाकलेल्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. त्यांच्याच नावानं आपण पिठलं-भाकरीचा प्रसाद करतो आणि घरी डबाभर पीठ वाया घालवतो. त्यात ज्वारी आता पूर्वीसारखी घरची राहिली नाही. सोयाबीन आलं, तिचं वावर गेलं. 2023 साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं, ज्वारीचं जगभर कौतुक झालं, छानच झालं. पण आपल्यापैकी कितीतरी जण ती खामगावच्या बाजारातून विकत आणतात.

डब्यावर दळणाची तारीख लिहा. खडूनं लिहिली तरी चालेल. नवं पीठ जुन्यावर ओतू नका; तळाचं खवट पीठ वरच्यालाही बिघडवतं. डबा रिकामा करा, पुसा, उन्हात ठेवा. आणि एवढं करून भाकरी तुटलीच, तर मग खुशाल हाताकडे बघा.

दळणावरून आठवलं, रोडग्यांबद्दलही बोलायचं होतं. शेतात, झाडाखाली रोडग्याचं जेवण करायचे हेच दिवस. कणिक जाडसर, रवाळ हवी, घट्ट भिजवलेली, तेलाचं मोहन घालून घड्या पाडलेली. गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसून नुसता विस्तव राहिला की मगच रोडगे त्यात... स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलवताहेत, वेळ झाली म्हणे. रोडग्यांसोबतची वांग्याची भाजी कशी करायची ते तुम्हाला मी काय सांगणार! फक्त रोडग्याचं दळण द्याल तेव्हा चक्कीवाल्याला आधी सांगा, ‘जाड ठेव बाप्पा’. एकदा बारीक दळून झालं की काही करता येत नाही.