हीण : वितळणे, ओतणे आणि मोडणे



ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे ते गुरुवर्य शास्त्र शिकवीत असत; मी आयुष्यभर मराठी शिकविली. तरीही हा विषय निवडला याला कारण बेळगाव. फाउंड्र्यांच्या या गावात समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची भाकरी भट्टीच्या धगीवर भाजली जाते. शिवाय आपल्या भाषेने या व्यवसायाकडून पुष्कळ उचलले आहे. ‘हिणकस’ हा शब्द घ्या. सोन्यारुप्यात मिसळलेला हलका धातू ते हीण, आणि कसोटीवर उमटतो तो कस. वरून चकाकी तीच. घासल्याशिवाय कळत नाही.

वितळलेला रस साच्यात थिजताना आकसतो. कडा आधी थिजतात, गाभा शेवटी. त्या गाभ्याला पुरवायला रस उरला नाही, तर तेथे पोकळी राहते. म्हणूनच आपण रायझर ठेवता. वाळूतल्या ओलाव्याची वाफ होते, रसात विरघळलेले वायू बाहेर पडू पाहतात, आणि वाट न मिळाली तर फुगे होऊन अडकतात. मळी निघाली नाही, तर तीही आतच थिजते. बिडाची गोष्ट आणखी निराळी. त्यातला कार्बन थंड होताना ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा पडतो, आणि असा प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक तयार चीरच असते. दाबले तर बीड मोठा भार सोसते, ताणले तर तडकते. हातातून निसटलेला बिडाचा तवा फुटतो, लोखंडी पत्र्याच्या तव्याला फार तर पोचा येतो. रसात किंचित मॅग्नेशियम घातले, तर पापुद्र्यांऐवजी गोळ्या तयार होतात. ही युक्ती १९४०च्या दशकातली. आपल्याकडचे कामगार ‘एसजी’ म्हणतात ते हेच. मूलद्रव्ये जवळजवळ तीच, आतली मांडणी बदलली, आणि मोडण्याची रीत पालटली.

स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळ टे नदीवरचा रेल्वेपूल १८७८ साली वाहतुकीस खुला झाला आणि २८ डिसेंबर १८७९च्या वादळी रात्री त्याचा मधला उंच भाग आगगाडीसह नदीत कोसळला. गाडीतला एकही माणूस वाचला नाही. पुलाचे खांब बिडाचे होते आणि त्यांना एकमेकांशी बांधणारे तिरपे ताण घडीव लोखंडाचे. हे ताण ज्या कानांना बोल्टने जोडले होते, ते कान खांबाबरोबरच ओतलेले. बोल्टची भोकेही छिद्रकाने न पाडता ओतूनच केलेली, आणि ओतकामाच्या सोयीसाठी ती निमुळती ठेवलेली. त्यामुळे बोल्ट भोकाच्या सगळ्या पृष्ठभागावर न टेकता एका कडेवर टेकत होता. ताण सोसण्यात जो पदार्थ मुळातच दुबळा, त्याच्या कडेवर सगळा ताण!

चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती वाचल्यापासून मला ती विसरता येत नाही. ओतीव खांबांतील फुग्यांची भोके बुजविण्यासाठी फाउंड्रीत एक लुकण वापरले जाई. मेण, व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ, लोखंडाचा बारीक कीस आणि काजळी. हे मिश्रण तापवून भोकात भरायचे आणि वरून घासायचे, की ते बिडासारखेच दिसे. त्याला तिथे नावही होते, ‘बोमाँटचे अंडे’. पूल केवळ या अंड्यामुळे पडला असे कोणी म्हणू नये. वाऱ्याच्या दाबाचा पुरेसा हिशेब आराखड्यातच नव्हता, देखभालही ढिली होती, आणि चौकशी न्यायालयाने या सर्वांवर बोट ठेवले. पण ज्या दोषाला लाडके नाव मिळते तो दोष कारखान्यात रुळलेला असतो, हे भाषेच्या अभ्यासकाला लगेच कळते.

दुसरे उदाहरण आकाशातले. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत २९६ माणसांना घेऊन निघालेल्या डीसी-१० विमानाच्या शेपटीकडील इंजिनातील पंख्याची टायटॅनियमची चकती उडत्या विमानात फुटली. तिच्या तुकड्यांनी नियंत्रणाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करीत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. १८४ माणसे वाचली, बाकीची गेली. चकतीचे मोठे तुकडे काही महिन्यांनी मक्याच्या शेतात सापडले. तपासात दिसले ते असे : १९७१ साली तो धातू वितळविला जात असतानाच त्यात नायट्रोजनयुक्त, ठिसूळ असा एक बारीक कण राहून गेला होता. त्या जागी चीर सुरू झाली आणि पंधरा हजारांहून अधिक उड्डाणांत कणाकणाने वाढत गेली. मधल्या तपासणीत ती दिसायला हवी होती, दिसली नाही. तो धातू निर्वात भट्टीत दोनदा वितळविलेला होता. पुढे अशा भागांसाठी तीनदा वितळविण्याची पद्धत आली. एका जादा वितळणीची किंमत किती, हे गणित आपण मांडू शकाल.

प्लॅस्टिककडे आता थोडक्यात वळतो, कारण ते नवे दिसले तरी त्याचे दुखणे ओळखीचे आहे. साच्यात रसाचे दोन प्रवाह एखाद्या भोकाला वळसा घालून पुन्हा भेटतात तेथे, ते पुरेसे गरम नसतील तर, नीट एकजीव होत नाहीत. बादलीच्या किंवा खुर्चीच्या अंगावर केसासारखी रेघ दिसते आणि पुष्कळदा तडा तिथूनच जातो. नायलॉन, पॉलिकार्बोनेट यांचे दाणे ओलावा शोषतात. ते न वाळविता वितळविले, तर त्या उष्णतेत पाणी त्यांच्या लांब साखळ्या तोडते. वस्तू साच्याबरहुकूम निघते, रंगही ठीक असतो, पण ताकद गेलेली असते. पुन्हापुन्हा दळून वितळविलेल्या मालाचेही बहुधा तेच. आपल्यापैकी जे हा माल घेतात त्यांनी भाव विचारताना दाणे किती तास वाळविले तेही विचारावे.

अखेर माझ्या विषयाकडे येतो. कोशांत ओतकामाचे शब्द आहेत, पण दोषांचे फार थोडे. फुगा, पोकळी, अर्धवट भरलेला साचा, दोन रसांची न जुळलेली सांध यांना तुमच्या कामगारांच्या तोंडी मराठीत आणि कन्नडमध्ये काय नावे आहेत? येथील माजी विद्यार्थ्यांनी ती वहीत उतरवून, शक्य तर मोडलेल्या तुकड्याच्या छायाचित्रासह, शाळेच्या ग्रंथालयात द्यावीत. तुकडा पुन्हा भट्टीत टाकण्यापूर्वी हे करावे, एवढीच विनंती.