पडद्यावरची मराठी



यंत्रापुढे एखादा अडला, की आपण पटकन म्हणतो, 'ह्याला जमत नाही.' यंत्राला जमलं का, हे कुणी विचारत नाही. ते तपासण्यासाठी याकोब नील्सन आणि रोल्फ मोलिक या दोघा डॅनिश अभ्यासकांनी १९९० मध्ये काही ठोकताळे मांडले. नील्सन यांनी १९९४ मध्ये ते सुधारून दहा केले. नक्षत्रावरून पावसाचा आडाखा बांधावा, तसेच हे. आत काय चाललंय ते यंत्रानं सांगावं. चुकलं तर माघारी यायला वाट ठेवावी. माणसाला आठवत बसायला लावू नये, समोर दाखवावं. आणि माणसाच्या भाषेत बोलावं.

हा शेवटचा माझ्या जिव्हाळ्याचा. आमच्या घरात दखनी, दारात मराठी आणि बँकेत गेलं की तिसरीच! काही वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका एटीएममध्ये माझ्यापुढे एक वयस्कर शेतकरी होते. उसाचं बिल जमा झालेलं. त्यांनी मराठीचं बटण दाबलं, तर पुढे शब्द आला 'आहरण'. मागे वळून मला म्हणाले, "पावणं, ह्यात हरण कुठनं आलं?" दोघंही हसलो. मग पिनचा एक आकडा चुकला आणि पडद्यावर उमटलं, 'अवैध व्यवहार'. त्यांचं हसू मावळलं. 'अवैध' शब्द त्यांना ठाऊक होता तो वाळू उपशाच्या आणि दारूच्या बातम्यांतून. "म्या काय केलं वो?" म्हणाले आणि पैसे न काढताच निघून गेले. 'पिन चुकला, पुन्हा टाका' एवढं लिहायला कितीशी जागा लागते?

याउलट मतदान यंत्र पाहा. अक्षर येत नसलं तरी चिन्ह ओळखता येतं. ही सोय १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनची. निळं बटण दाबलं की शेजारी लाल दिवा लागतो, मोठा आवाज होतो. लोकसभा-विधानसभेला तर काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. माघारीची वाट मात्र नाही. एक ठोकताळा इथं मोडलाय, आणि योग्यच मोडलाय. दिलेलं मत बदलता आलं असतं, तर ते बदलायला लावणारेही दारात उभे राहिले असते.

तपासणी एकट्यानं करून भागत नाही. नील्सन यांच्या सहा प्रकल्पांत एकेकट्या तपासनीसाला सरासरी ३५ टक्केच दोष सापडले. म्हणून तिघा ते पाच जणांनी वेगवेगळं बसून पाहावं, मग याद्या एकत्र कराव्यात, असं ते सांगतात. आपल्या बँकांना, महापालिकेला हे अवघड नाही. तज्ज्ञांची यादी झाली, की हळद बाजारातल्या एखाद्या हमालाला, पेन्शनीसाठी आलेल्या एखाद्या आजींना त्याच पडद्यापुढे उभं करा. काही शिकवू नका. ते कुठं थांबतात, तेवढं टिपून घ्या.