साच पासचा उतार

फोर बाय फोर म्हटलं की लोक चढाचंच विचारतात. कितीही खडी चढण असली तरी चढेल ना? चढेल हो. मला धास्ती असते ती उताराची.

हिमाचलात चंब्याहून पांगी खोऱ्यात जाताना साच पास लागतो, उंची सुमारे ४,४०० मीटर. निवृत्तीनंतर भाच्याला घेऊन माझ्या जुन्या जिप्सीनं गेलो होतो. माथ्यावर असा वारा, की कधी एकदा खाली उतरतो असं झालेलं. उतरण्याआधी थांबायचं आणि गाडी फोर-लोमध्ये टाकायची, हे मी जवानांना वर्षानुवर्षं शिकवलं. त्या दिवशी म्हटलं, जाऊ दे, चल. विसरलो नव्हतो, कंटाळा केला.

पांगीकडचा रस्ता म्हणजे सुटे दगड, वरून वाहणारं पाणी, एका बाजूला दरी. पाचसहा वळणांनंतर जळका वास आला. भाचा म्हणाला, "मामा, पेडल मऊ लागतंय."

सतत दाबून ब्रेक तापले, की आतलं तेल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पाय वाफ दाबत राहतो, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. "पंप कर, पहिला टाक, डोंगराकडे घे!" गाडी कशीबशी थांबली. उतरून चाकाखाली दगड लावले.

दहा मिनिटांत खालून मालानं भरलेला पिकअप आला. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम. म्हणजे आम्हालाच मागं चढायचं होतं, गार न झालेल्या ब्रेकवर. फोर-लो, रिव्हर्स. भाच्याला एकच बजावलं, "इंजिन बंद पडलं तरी क्लच दाबू नकोस, गिअरच गाडी धरेल." मी मागं, डोंगराच्या कडेला, आरशात दिसेन असा उभा राहिलो. पन्नासेक पावलांवरच्या रुंद जागेपर्यंत गाडी मुंगीसारखी सरकली. एकदा बंद पडलीच. पोराचे हात थरथरत होते, पण क्लच दाबला नाही.

पिकअपवाला शेजारी येऊन थांबला, वास घेतला. "साहब, गिअर में उतारो. ब्रेक तो रोकने के लिए है."

"जी," मी म्हणालो.

तिथून बागोटूपर्यंत पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं उतरलो. भाचा वाटेत एक शब्दही बोलला नाही.