तलावाचा तळ दिसलाच पाहिजे



पोहण्याच्या तलावाचें पाणी निर्मळ असावें, असें आपण सर्वच म्हणतों; परंतु ही निर्मळता पुष्कळांस केवळ शोभेची बाब वाटते. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत फॉल रिव्हर नांवाचें शहर आहे. तेथील सार्वजनिक तलावांत २०११ च्या जून महिन्यांत एक स्त्री बुडाली. पाणी इतकें गढूळ होतें कीं, दोन दिवस तिचा देह त्या पाण्यांतच राहिला आणि कोणाच्याहि दृष्टीस पडला नाहीं. त्या अवधींत तलाव चालूच होता. लोक त्यांत पोहतहि होते. तळ दिसत नसेल, तर जीवरक्षक कितीहि दक्ष असला तरी त्याचे डोळे बांधल्यासारखेच होत. म्हणून पाणी गढूळलें असतां दोष कोठें शोधावा, याचा विचार आज आपणांपुढें मांडतों.

पुष्कळ तलावांचें पाणी वाळूच्या गाळणींतून फिरविलेलें असतें. एका बंद टांकींत सुमारें अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्याची वाळू भरलेली असते. पंप तलावाचें पाणी ओढून त्या वाळूवर सोडतो. मळ दाण्यांमधील फटींत अडकतो, आणि गाळलेलें पाणी टांकीच्या तळाशीं बसविलेल्या बारीक चिरांच्या नळ्यांतून परत तलावांत जातें. मौजेची गोष्ट अशी कीं, वाळूंत थोडा मळ साचला म्हणजे फटी अरुंद होतात आणि गाळणी पूर्वींपेक्षां बारीक कण धरूं लागते. म्हणून रोज उठून वाळू धुणारा मनुष्य गाळणीचें काम बिघडवीतच असतो.

तर मग वाळू धुवावी केव्हां? याचें उत्तर टांकीवरील दाबमापकाचा कांटा देतो. वाळू नुकतीच धुतलेली असतांना कांटा ज्या आंकड्यावर उभा राहतो, तो आंकडा टांकीवरच लिहून ठेवावा. समजा, तो दर चौरस इंचास १२ पौंड आहे. कांटा त्यापुढें ८ ते १० पौंड चढला, म्हणजे २० ते २२ वर आला, कीं वाळू मळानें भरली असें समजावें. तेव्हां पाणी खालून वर, उलट दिशेनें सोडून वाळू धुतात. यासच ‘बॅकवॉश’ म्हणतात. कांचेच्या नळींतील पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, बहुधा दोन-तीन मिनिटें, हें चालूं द्यावें. नंतर अर्धा मिनिट ‘रिन्स’ करून मगच पाणी तलावाकडे वळवावें. एरवीं सुटलेला मळ पुन्हां तलावांतच जातो. व्हॉल्व्हची मूठ फिरविण्यापूर्वीं पंप प्रत्येक वेळीं बंद केलाच पाहिजे. चालत्या पंपावर मूठ फिरविली तर आंतील रबरी गास्केट फाटण्याचा संभव असतो, आणि मग तलावाचें पाणी सांडपाण्याच्या नळावाटे सतत वाहत राहतें.

धुतल्यावरहि दाब उतरत नसेल, किंवा थोडक्याच दिवसांत पुन्हां चढत असेल, तर अंगावरील तेलानें व पाण्यांतील चुन्यानें वाळूचे गोळे झाले असावेत. वाळू साधारणपणें पांच ते सात वर्षांनीं बदलावी लागतेच. उलट, दाब नेहमींपेक्षां कमी झाला असेल, तर दोष गाळणीच्या अलीकडे शोधावा. पंपाची टोपली पाल्यापाचोळ्यानें भरली आहे काय? तलावाची पातळी उतरून पंप हवा ओढीत आहे काय? आणि तलावाच्या तळावर वाळूचे ढीग दिसूं लागले, तर टांकींतील एखादी नळी फुटली असावी असें धरून ती तपासावी.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे कांटा जागेवर आणि पाणी मात्र गढूळ. कधीं कधीं वाळूंत वाट पडते व पाणी न गाळतांच तिच्यांतून निसटतें. पंप बंद करून टांकी उघडली कीं वाळूच्या पृष्ठभागावर तो खड्डा दिसतो. कधीं पंप दिवसांतून फारच थोडे तास चालविलेला असतो. कधीं पाण्यांत क्लोरीन कमी पडून शेवाळ माजतें; तेथें गाळणी निर्दोष असते, आणि वाळू कितीहि वेळां धुतली तरी पाण्याचा हिरवटपणा जात नाहीं.

हा शोध चालू असतां तलाव उघडा ठेवावा काय? याची कसोटी सोपी आहे. कांठावर उभें राहून सर्वांत खोल जागीं तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर त्या क्षणीं पोहणाऱ्यांस बाहेर काढून तलाव बंद करावा. तिकिटांचे पैसे परत करावे लागतील, मुलें हिरमुसतील, व्यवस्थापक रागावतील. हें सर्व सोसतां येतें. आपलीं मुलें जेथें पोहावयास जातात, तेथें पाण्यांत उतरण्यापूर्वीं ही जाळी आपण स्वतः पाहावी, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतों.